मार्जिन कुठं सोडायचं

"शीले, ही अक्षरं हायत का मुंग्या गं?"

धोंडिबा मास्टर मोबाइल नाकाला लावून बसले होते. मी बनवलेलं वेब पेज त्यांच्या स्क्रीनवर उघडलं होतं. अक्षरं कणीएवढी आणि डाव्या चौकटीला घट्ट चिकटलेली. बोटांनी मोठं करावं तर ओळ उजवीकडे पळून जायची.

"द्या इकडं, मी वाचून दाखवते," मी म्हटलं खरं. पण जे लिहिलं ते तोंडानं बोलता आलं असतं तर लिहिलं कशाला असतं?

"नको. माझ्यावर लिवलंयस ना? मग मीच वाचनार. डोळा हाय तवर."

उजवा डोळा काचबिंदूनं गेलाय. डावा किती दिवस साथ देईल याचा डॉक्टरांनाही भरवसा नाही. म्हणजे मला घाई करायलाच हवी होती.

मास्टर म्हणजे उल्हासनगर कॅम्प चारमधल्या जीन्स कारखान्यातले कटिंग मास्टर. सतराव्या वर्षी मी तिथं धागे तोडायला लागले आणि त्यांनी मला थेट कटिंगच्या मशीनवर उभं केलं. महिन्याच्या आत मी दिवे लावले. चाळीस थरांची थप्पी शिलाईच्या रेघेवरच कापली, दुमडायला मार्जिन न सोडता. सगळा माल बाद. सेठ ओरडत आला, तर मास्टर पुढं झाले. "सेठ, मेरे हाथ से हुआ. लडकी को कुछ मत बोलो." मी मागं उभी. मला नंतर एवढंच म्हणाले, "मार्जिन सोडायचं, पोरी. मानूस वाढतो."

बत्तीस वर्षं झाली. मी बाई बोलघेवडी, रिक्षावाल्याशीही दोन हात करते, पण मास्टरांना थँक्यू म्हणायला काही जीभ उचलली नाही. कारखाना बंद पडला, मी घराजवळ कात्रपच्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. कोर्सच्या शेवटी प्रत्येकीनं आपल्या आवडीचं पेज करायचं होतं. कुणी रांगोळी घेतली, कुणी मोदक. मी मास्टर घेतले.

दुसऱ्या दिवशी बेलवलीच्या माझ्या घरून तडक क्लास गाठला. शिकवणारी रिद्धी माझ्या मुलीच्या वयाची.

"मावशी, रुंदी बाराशे पिक्सेल का ठोकलीत?"

"ह्या कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर बरोबर बसतंय की!"

"पण बघणारे कशावर बघणार?"

"मोबाइलवर," म्हणाले आणि कपाळावर हात मारला. माप घेतलं एकाचं, शिवलं दुसऱ्यासाठी. तीस वर्षं कटिंग केलेल्या बाईला हे शोभतं का? रिद्धीनं रुंदीचा आकडा काढायला लावला, मोबाइलची रुंदी ओळखणारी एक ओळ वर टाकून घेतली. अक्षरं मी स्वतः मोठी केली. पण ती चौकटीला चिकटलेलीच.

"मार्जिन वाढवते," मी म्हटलं. दहाचं वीस केलं, विसाचं चाळीस. चौकट चारी बाजूंनी आक्रसली, अक्षरं तिला तशीच चिकटलेली.

"मावशी, मार्जिन नाही, पॅडिंग द्या."

"पॅडिंग कोटाच्या खांद्यात भरतात गं. इथं कोट कुठाय?"

"मार्जिन चौकटीच्या बाहेर असतं."

"बाहेर? अगं, मार्जिन आतच असतं! आयुष्य गेलं माझं आत दुमडण्यात." पर्समधून शिंप्याचा खडू काढला आणि टेबलावरच रेघा ओढल्या. "हे बघ. हे अंग. अंगाभोवती हा लूज, श्वास घ्यायला. मग ही शिलाई. शिलाईच्या बाहेर हे..."

आणि माझा हात थांबला. कापड टेबलावर असतं तेव्हा मार्जिन शिलाईच्या बाहेरच असतं की! आत जातं ते शिवल्यावर.

"मग मला हवाय तो लूज," मी म्हटलं. "लूज म्हणजे तुझं पॅडिंग!"

"करेक्ट! थांबा, पुसू नका," म्हणत रिद्धीनं त्या रेघांचा फोटो काढला. पुढच्या बॅचला दाखवणार म्हणे. पोरीचे उपकार मानावेत तेवढे थोडे. एवढ्या वेळात एकदाही वैतागली नाही.

रविवारी सकाळी पुन्हा मास्टरांकडे गेले. "जयभीम मास्टर, आता बघा."

या वेळी त्यांनी मोबाइल हातभर लांब धरला. एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागले. "धोंडिबा मास्टर... यांचं नाव... कुठल्याच पँटीवर... नव्हतं." मान हलली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. "चाळीस थर... मी बिघडवले. मास्टरांनी... ते स्वतःच्या... नावावर घेतले. मी कधी... बोलले नाही. मास्टर, तुमच्यामुळे... मी उभी राहिले."

माझे डोळे वाहत होते आणि ते पुसायचीही मला लाज वाटत होती.

मास्टरांनी अंगठ्याचं नख चौकटीच्या कडेनं वरून खाली ओढलं, कापड तपासायचे तसंच.

"मार्जिन सोडलंयस की गं."

"तुम्हीच शिकवलंत."

"तवा तू सतराची. चुकनारच. मी तरी काय केलं? तुला वाढायला मार्जिन सोडलं, बस."

मी मोबाइल घ्यायला हात पुढं केला. त्यांनी दिला नाही. पदराला डोळे पुसून बघते तर ते पुन्हा वर, पहिल्या ओळीवर गेले होते.

"धोंडिबा मास्टर..."