एल्माचा पट्टा

एल्माने ओहोटीच्या वाळूत सात पावलं टाकली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्नाने नाही वाजवल्या. तिचे दोन्ही हात एल्माच्या कमरेच्या पट्ट्यात अडकलेले होते, आणि मोकळे असते तरी तिने वाजवल्या नसत्याच.

"वा, आई, वा! काल सहाच होती!" क्लोई ओरडली.

ही क्लोई म्हणजे मेलबर्नहून इथे, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या ग्रूट आयलंड बेटावर, व्यायाम शिकवायला आलेली पोरगी. एल्माने दुसऱ्याच आठवड्यात तिला मुलगी करून घेतलं. आता एल्मा आई, तर एल्माची बहीण म्हणून व्हर्नाही आईच. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण क्लोईची आई एकच, आणि व्हर्ना नुसती व्हर्ना. दोनदा समजावून झालं. "हो हो, सॉरी व्हर्ना," एवढंच म्हणाली मेली.

आजार घराण्यातला. आधी पाय लटपटतात, मग जीभ जड होते, मग घास उतरत नाही. आई त्यातच गेली. आईला असला की मुलांपैकी निम्म्यांना होतो म्हणतात. एल्माला चाळिसाव्या वर्षीच लागला. व्हर्ना चव्वेचाळीस वर्षांची झाली होती. रक्त तपासायला ती कधी गेली नाही. आपण सुटलो, असं तिचं तिनेच ठरवून टाकलं होतं. व्यायामाने आजार जात नाही, पण रोज चाललं तर पाय जास्त दिवस साथ देतात, म्हणून ही सकाळची वाळूतली कवायत.

एल्माच्या कौतुकाने व्हर्नाच्या पोटात दुखायचं, आणि ते ती स्वतःपासूनही लपवत नसे. आईला भरवलं तिने. आता एल्माला धरते तीच. जन्मभर सरळ चालली, कोणी टाळी वाजवली? हिने सात पावलं टाकली की जणू मोठं कासव मारून आणलं! मासळीतला चांगला तुकडा हिला, गाडीतली पुढची सीट हिला. घरी व्हर्नाच्या टोपलीची केतकीची पानं रंगवून नुसती वाळत पडली होती, कारण रोज सकाळी एल्माची हाक यायची, "व्हर्ना, पट्टा!"

"तुला दोन दोन मुली आहेत," आज व्हर्ना फटकन बोलली. "त्यांचे हात झडले का?"

"भाऊ आहे ना इथे," एल्मा जड जिभेने म्हणाली.

भाऊ म्हणजे गाडी चालवणारा त्यांचा सख्खा भाऊ. इथली रीतच अशी, मोठेपणी भावाने बहिणीला शिवायचं नाही, तिचं नाव घ्यायचं नाही, तिच्याकडे बघायचंही नाही. तो बिचारा लांब सुरूच्या झाडाखाली त्यांच्याकडे पाठ करून बसलेला असे.

"मी त्याच्या बाजूला कलंडले तर? पोरींना नाही सावरता येणार. लाज जाईल माझी. तूच हवीस."

"तो तिकडे शंभर पावलांवर बसलाय! तू पडणार की उडणार?"

एल्माच्या मुली खिदळल्या. एल्माही हसली, पण पट्टा काही तिने पोरींच्या हाती दिला नाही.

एवढ्यात क्लोईने काठीने वाळूत लांब रेघ ओढली. "आज घरच्यांनीही चालायचं. एका पायाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत, रेघेवरून. गंमत म्हणून!"

एल्माची थोरली जॉयलीन चालली, धाकटी चालली. व्हर्नाने मान ताठ केली. आता बघा म्हणावं, चालणं कशाला म्हणतात.

"तू नको," एल्मा म्हणाली. "मला कोण धरणार?"

व्हर्नाच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढंसुद्धा बघवत नाही हिला! तिने पट्टा जॉयलीनच्या हातात कोंबला आणि रेघेवर जाऊन उभी राहिली.

पहिली तीन पावलं नीट पडली. चौथ्याला डावा पाय रेघेबाहेर गेला. "वारा आहे," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्यापासून निघाली. या वेळी तिसऱ्यालाच गेला, आणि सावरायला तिने दोन्ही हात पसरले. तिसऱ्यांदा ती फार सावकाश, पायाकडे बघत चालली. पाय तिचाच होता, पण तिचं ऐकत नव्हता.

पोरींचं खिदळणं थांबलं.

व्हर्नाने एल्माकडे बघितलं. सगळ्यांचे चेहरे उतरले होते. एल्माचा मात्र नव्हता. तिला नवल वाटलेलं दिसत नव्हतं.

"तुला ठाऊक होतं," व्हर्ना म्हणाली.

"हं."

"कधीपासून?"

"गेल्या पावसाळ्यापासून. चहा आणताना तुझा कप हिंदकळायचा. आईचा हिंदकळायचा, तसाच."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून तू आली असतीस चालायला?" एल्माला दम लागला, एकेक शब्द ती ओढून काढत होती. "माझं कधी ऐकलंयस तू? पट्टा हातात दिला, तर आलीस. शिव्या देत आलीस, पण रोज चाललीस. मला काय, या पोरींनीही धरलं असतं."

"आणि मी इतके महिने तुझ्यावर जळत होते!" व्हर्ना ओरडली. "तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं की."

"मग?"

"बरं वाटायचं," एल्मा म्हणाली. "म्हटलं, माझ्यावर जळतेय ना, म्हणजे हिला स्वतःचं अजून कळलेलं नाही."