रिकामे विमान

दानम्माने केळीच्या खुंटाला शेवटची गाठ मारली, तेवढ्यात वळसंगचा शिवप्पा सायकल टाकून दारात आला. चुलता गेला म्हणून सकाळी अंत्ययात्रेचे विमान सांगून गेला होता तोच.

"थांबवा, वैनी! म्हातारं उठून बसलंय. चहा मागतंय!"

"काय सांगता?"

"आमी सगळी रडतोय, अन् हे इचारतंय, कोण मेलं?" हसता हसता शिवप्पाने डोळे पुसले. "विमान ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. लागंल की कुणाला तरी."

दानम्माही हसली. तो गेल्यावर तिचे लक्ष विमानाकडे गेले आणि हसू विरले. बांबूची चौकट, झेंडूच्या माळा, आत पाट. मृताला मांडी घालून बसवायचे आसन तयार होते. बसणारा नव्हता.

सोलापुरात प्लेग आला तेव्हा आजेसासरे कल्लप्पांनी पहिले विमान बांधले. तेव्हापासून घरात एक धाक चालत आला होता. बांधून झालेले विमान रिकामे राहिले, की ते घरातलेच माणूस मागते. मोडून टाकले तरी मागते. म्हणून घरातल्या कुणीतरी मृताचे तोंड बघून आल्याशिवाय शेवटची गाठ मारायची नाही. आज बघायला जाणार कोण? नवरा गुरुलिंग डॉक्टरांना आणायला गेलेला, आणि आत पाच वर्षांची लेक चन्नम्मा तीन दिवस तापाने फणफणलेली.

सासरे नातीच्या उशाशी बसून ओली पट्टी बदलत होते.

"आप्पा, वळसंगचे ते जिवंत आहेत."

त्यांचा हात थांबला. "गाठ मारलीस?"

तिने मान हलवली.

"अगं, तोंड बघितल्याबिगर..." आप्पांनी पुढचे गिळले. "पोरीला इबूत लाव."

ओले भस्म कपाळाला टेकताच वाळले. चन्नम्माने डोळे किलकिले केले.

"आई, भाईर कोण बसलंय?"

"कुणी नाही गं."

दानम्मा बाहेर आली. श्रावणी सोमवारचा उपास. तिने दार ओढून घेतले, गळ्यातले लिंग डाव्या तळहातावर घेतले आणि विमानात जाऊन बसली. बांबू करकरला. ओठ हलत होते, पण मंत्र दोनदा चुकला.

डोळे उघडले तेव्हा आप्पा उंबऱ्यात उभे होते, दाराची चौकट घट्ट धरून.

"उतर खाली," ते हळूच म्हणाले. "गुरुलिंगाला देवी आल्या, तवा त्याची आई अशीच बसली हुती. माझ्या म्होरं."

सासूला दानम्माने पाहिले नव्हते. गुरुलिंग तीन वर्षांचा असताना ती गेली, एवढेच घरात सांगत. कशाने, ते कुणी बोलत नसे.

"आप्पा," तिने विचारले, "ह्यांचा ताप मग कधी उतरला?"

आप्पांनी मान फिरवली.

"त्याच सांजंला."

गिरणीचा भोंगा झाला. दानम्माने पदर सारखा केला आणि पाठ ताठ करून मांडी नीट घातली.