दहावं नाव

सिंगापुरातल्या त्या ज्युनियर कॉलेजात इतिहासाच्या वरच्या वर्गाला नऊ मुलं होती आणि साहित्याच्या वर्गालाही नऊच. दहा भरल्याशिवाय वर्ग चालवायचा नाही, असा नियम. दोन्हींचे तास एकाच वेळी, त्यामुळे दोन्ही घेता येत नव्हते. नाव द्यायची राहिली होती फक्त हुईनिंग.

इतिहास शिकवायचे चिआ सर. साहित्य शिकवायच्या चिआ मॅडम. दोघं नवराबायको.

हुईनिंगने घरी विषय काढला. तिचे बाबा इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे.

"ज्यात लिहायचं कमी, ते घे," ते म्हणाले.

"दोन्हींत तीन-तीन तास लिहायचं असतं."

"मग ज्याचे मास्तर वेळेवर घरी सोडतात, ते."

"ते दोघं एकाच घरी जातात, बाबा."

बाबांनी थोडा विचार केला आणि जेवायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सर समोर येऊन बसले. "तू साहित्य घे," ते म्हणाले. "मॅडमचा वर्ग बंद पडला तर त्या मला काही बोलणार नाहीत. तेच मला झेपणार नाही."

दुपारी मॅडमनी तिला बोलावलं. "इतिहास घे गं. सरांना दुसरं काही येत नाही."

आपल्याला काय आवडतं, हे अजून कुणीच विचारलं नाही, हे हुईनिंगच्या ध्यानात आलं. तिला जरा राग आला. तिने तो दोन दिवस ठेवून पाहिला, मग शुक्रवारी जाऊन इतिहासापुढे आपलं नाव लिहिलं.

साहित्याचा वर्ग बंद झाला. तिथले पाच जण भूगोलाला गेले, तिघं इतिहासाला आले. उरलेली एक मुलगी अर्थशास्त्राला गेली आणि हुईनिंगशी बोलेनाशी झाली.

मॅडमना निबंधाचा पेपर शिकवायला दिला. तो सगळ्यांनाच सक्तीचा, त्यामुळे पहिल्याच तासाला हुईनिंग त्यांच्यासमोर. तास संपल्यावर ती मागे थांबली.

"मॅडम, मी इतिहास घेतला, तो तुम्ही सांगितलंत म्हणून नाही."

"मग?"

"कादंबऱ्या मला फार आवडतात. त्यांची परीक्षा द्यायची नव्हती. इतिहासात कमी मार्क पडले तर चालेल, मनाला तेवढं लागणार नाही."

मॅडम वह्या गोळा करत होत्या. "साहित्याच्या त्या नऊ जणांना हे सांगितलंस?"

"नाही."

"बरं केलंस." त्यांनी वह्यांचा गठ्ठा तिच्या हातात दिला. "चल, स्टाफरूमपर्यंत. हल्ली काय वाचतेयस ते सांग."

जिना उतरता उतरता हुईनिंग सांगू लागली. मॅडमना ती कादंबरी मुळीच आवडलेली नव्हती. स्टाफरूमच्या दारात दोघी पाऊण तास भांडत उभ्या राहिल्या, आणि हुईनिंगचा इतिहासाचा तास बुडाला.