डावीकडची होडी

आचऱ्याच्या शाळेत डोळे तपासायचं शिबिर लागलं, तेव्हा अस्लम तांडेल गेला तो केवळ बायकोच्या कटकटीमुळे. वजीरा रोज टोचायची, "चाय कपात वता, बशीत नको. डोळे तपासून घेवा." चाळीस वर्षं नौका हाकलेल्या माणसाने हे किती ऐकून घ्यायचं!

तपासणाऱ्या दीपिकाने त्याचा डावा डोळा झाकला. अस्लमने तक्त्यावरची अक्षरं खालच्या ओळीपर्यंत खणखणीत वाचली आणि मागच्या रांगेकडे ऐटीत बघितलं.

"आता उजवा झाका, चाचा."

त्याने झाकला. आणि सगळंच गेलं.

"लाइट गेली काय गो?"

रांग हसली. रांगेतला बाबली ओरडला, "तांडेला, भर दिवस आसा मरे!"

दीपिका हसली नाही. "तक्ता दिसतो का, चाचा?"

"खंय आसा तक्तो?"

तिने डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बॅटरी मारून बराच वेळ आत पाहिलं. "काचबिंदू. ही नजर आता परत यायची नाही. दुखत नाही, खुपत नाही, दुसरा डोळा सांभाळून घेतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. उजव्याचे उपचार मात्र उद्याच सुरू करा."

"कधी गेली असात?"

"चार-पाच वर्षं तरी झाली असावीत."

अस्लम डोळा विसरला आणि मनात वर्षं मोजू लागला. तीन वर्षांपूर्वी, लख्ख सकाळी, खाडीच्या मुखाशी त्याच्या नौकेने धाकट्या भावाची, समदची होडी फोडली होती. डाव्या अंगाने. आपण हात हलवत होतो, असं समद रडून सांगत होता. अस्लमने जमातीसमोर अल्लाची कसम खाल्ली, "डावीकडे कोण नव्हतो. हेनाच आयत्या वेळी होडी आडवी घातल्यान." तांडेलाचा शब्द मानला गेला. समद गावात खोटा ठरला. तेव्हापासून ईदेलाही दोघा भावांनी गळाभेट घेतली नव्हती.

शिबिरातून तो घरी न जाता थेट समदकडे गेला. समद अंगणात जाळं विणत होता. त्याने मान वर केली नाही.

"समद, त्या दिवशी तू थंयच होतंस. माकाच दिसलंस नाय. माझो डावो डोळो मेलेलो आसा."

"तीन वर्सांनी ही नवी गजाल काढलंस?" समद जाळं टाकून उठला. "झाक उजवो. बोटां किती ता सांग."

अस्लमने तळहाताने उजवा डोळा घट्ट दाबला आणि थांबला. समुद्राची गाज ऐकू येत होती. समदच्या अंगाला येणारा जाळ्याचा वास अगदी जवळ आला होता.

"दाखव रे. कधी दाखवतलंस?"

शेवटी त्याने उजव्या डोळ्यावरचा हात काढला.

समदचा पंजा त्याच्या नाकापासून वीतभरावर होता. पाचही बोटं पसरलेली, आणि त्या दिवशी होडीतून हलवला होता तसाच समद तो हलवत होता.