रुख्मिणीबाईची सही

ही गोष्ट दोन हजार चोवीस सालची. त्या साली दिवाळी आणि विधानसभेची निवडणूक एकीच्या पाठीला एक लागून आल्या होत्या. सोयाबीनची मळणी उरकली होती, हळद कमरेला लागली होती आणि बरड रानांत कापूस फुटून पांढरा झाला होता. धनतेरसचा दिवस. डोंगरकड्याच्या अल्याड माळावर जो तांडा आहे, तिथली रुख्मिणीबाई राठोड सून शिलाला घेऊन वेचणी करत होती. ओटी अर्धी भरली होती. बोंडांची टोकं अंगठ्याला टोचत होती, पण अडुसष्ट वर्षं वापरलेल्या त्या अंगठ्याला आता टोचलेलं कळत नव्हतं.

बांधावर मोटारसायकल थांबली. आखाडा बाळापूरला ज्याचं झेरॉक्सचं आणि फॉर्म भरायचं दुकान आहे, तो ओमप्रकाश गाडी बंद न करताच ओरडला,

"मावशी! ओ मावशी! लवकर या, बारा वाजून गेले!"

"काहून बोंबलून राहिला रं? कुणी मेलं का?"

"मास्तरचा फॉर्म मरून राहिला! बालाजीनं ऐन टायमाला पाय मागं घेतला."

तातेराव मास्तर अपक्ष उभे राहत होते. अपक्षाच्या अर्जावर मतदारसंघातल्या दहा जणांनी सूचक म्हणून सह्या कराव्या लागतात. नऊ झाल्या होत्या. दहावा होता बालाजी, रेशन दुकानदार. आदल्या दिवशी कुणीतरी फोन करून त्याला दुकानाच्या परवान्याची आठवण करून दिली, आणि सकाळी त्याच्या बायकोनं दारातूनच सांगितलं, की त्यांना ताप भरलाय.

"तीन वाजता फॉर्म घेणं बंद व्हतं," ओमप्रकाश म्हणाला. "आज शेवटचा दिस. तुमचं नाव यादीत हाय, म्या बघून आलो. बोला."

"त्यात काय बोलायचं? गुर्जीला मपलं नाव लागत असंल तर आण इकडं."

त्यानं गाडीच्या टाकीवर कागद पसरला. रुख्मिणीबाईनं ओटी सावरत डावा हात पुढं केला आणि अंगठा वर काढला. रेशनच्या मशीनवर अंगठा, बँकेत अंगठा, मोबाईलचं कार्ड घेताना अंगठा, म्हातारी जिवंत आहे हे सरकारला दाखवायला अंगठा. इतक्या वर्षांत तिला कुणी सही मागितलीच नव्हती. आणि ओमप्रकाश तर दिवसाला पन्नास अंगठे घेणारा माणूस. शाईची डबी त्याच्या पिशवीत असायचीच. त्यानं डबी उघडली, तिनं अंगठा टेकवला, त्यानं तो कागदावर दाबला, फुंकर मारली आणि गाडी वळवली. धुरळा खाली बसायच्या आत सासू-सून परत ओळीला लागल्या होत्या. कुणाच्याच मनात काही आलं नाही.

खरं तर येण्यासारखं पुष्कळ होतं. ब्याण्णव साली साक्षरतेचे वर्ग निघाले, तेव्हा तातेराव मास्तर नव्या नोकरीवर तांड्यात आलेले. मिसरूड फुटलेलं, अंगानं काडी. शाळेच्या ओट्यावर बायका पदरात तोंड लपवून बसायच्या. रुख्मिणीबाई पाटी घेऊन यायची आणि भांडायची. "गुर्जी, मपलं नाव लई लांब हाय. धानीचं बघा कसं दोन घासात संपतं." मास्तर म्हणायचे, "लांब हाय म्हणून तर जपून लिहायचं." चार महिने लागले तिला. ज्या दिवशी पूर्ण नाव आलं, त्या दिवशी तिनं घरातल्या प्रत्येक कणगीवर कोळशानं ते लिहून काढलं होतं. नवरा शंकरसिंग म्हणाला होता, "आता कणग्या काय तुझ्या नावावर झाल्या व्हय?" आता शंकरसिंग नाही, कणग्याही नाहीत.

मास्तर त्या शाळेवर एकोणीस वर्षं राहिले, आजूबाजूच्या गावांत बाकीची नोकरी करून मुदतीआधीच निवृत्त झाले. चोवीसच्या जूनमध्ये पट कमी म्हणून तांड्याची शाळा बंद झाली. लेकरांना ओढ्यापलीकडच्या गावात जायला सांगितलं. रुख्मिणीबाईची नात प्रतिक्षा तिसरीत होती. ओढ्याला पाणी आलं की घरी. मास्तरांनी अकरा वेळा निवेदन दिलं. अकराव्या खेपेला शिक्षण खात्याच्या साहेबानं त्यांना मानानं बसवलं, चहा मागवला, आणि गळका कप त्यांच्या देखत त्याच निवेदनावर ठेवला. मास्तरांनी चहा तसाच सोडला. तिथून उठून ते थेट ओमप्रकाशच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "इलेक्शनचा फॉर्म कसा भरतेत, सांग."

ओमप्रकाश त्यांचाच विद्यार्थी. त्यानं सांगितलं होतं, "सर, चार फॉर्म भरता येतेत. दोन तरी भरू. एकात काही राहिलं तर दुसरा असतोय." मास्तर म्हणाले, "म्या वर्गात कुणाला एका प्रश्नाचं उत्तर दोनदा लिहू देल्लं न्हाई. एकच भरायचा, बराबर भरायचा."

आणि तोच, धनतेरसला पावणेतीन वाजता, ढकलाढकलीत, फक्त नावं वाचून त्यांनी आत दिला.

संध्याकाळी धर्मसिंग घरी आला तो जीपमधून. रुख्मिणीबाईचा हा थोरला लेक मोठ्या पक्षाच्या उमेदवाराबरोबर फिरत होता. गळ्यात रुमाल, आवाज बसलेला.

"याडी, तुनं मास्तरच्या फॉर्मवर नाव देल्लं म्हणं? माझी इज्जत काय राहिली लोकांत?"

"तुपली इज्जत त्या रुमालात बांधून ठिव. प्रतिक्षाची शाळा बंद झाली तव्हा कुठं गेल्ती तुझी जीप?"

"मास्तर निवडून येणार हाय का?"

"ना येऊ. उभा तर राहील."

दुसऱ्या दिवशी अर्जांची छाननी. आत उमेदवाराबरोबर एक सूचक जाऊ शकतो, असं कळल्यावर रुख्मिणीबाईनं ठेवणीतला घागरा काढला. मास्तर म्हणाले, "चला. तुमच्यामुळं तर दहा झाले."

तालुक्याच्या कचेरीत पंखे फिरत होते आणि माणसं घामेजली होती. मास्तरांचा अर्ज निघाला तसा मोठ्या उमेदवाराचा वकील उठला. मास्तर निवडून येतील अशी कुणालाच भीती नव्हती; तांड्यांची मतं फुटतील एवढीच होती.

"हरकत आहे साहेब. दहाव्या सूचकाचा अंगठा आहे. अंगठा आपल्यासमोर उठवलेला नाही, त्यावर आपली साक्ष नाही."

अधिकाऱ्यानं चष्मा लावला, पान उलटलं, परत सुलटं केलं. "बरोबर आहे. साक्षीशिवाय अंगठा धरता येत नाही. मग सूचक नऊच राहतात."

मास्तरांनी अर्ज जवळ ओढून पाहिला. हजारो वह्या तपासलेला माणूस, पण त्या निळ्या ठशाकडं असा बघत राहिला की जणू आपल्याच हातचं अक्षर ओळखू येईना.

"साहेब, म्या जित्ती हाय की इथं," रुख्मिणीबाई पुढं झाली. "मपलाच अंगठा हाय ह्यो. पुन्हा लावून बघा."

"आजी, प्रश्न तो नाही."

"बाई अडाणी आहे, तिला कुणी काय सांगितलं—" वकील म्हणाला.

"अडाणी न्हाई त्या!" मास्तर एकदम मोठ्यानं बोलले. "त्यांना सही येते. म्या शिकवलीय."

"मग केली का नाही?"

वकिलानं ते सहज विचारलं. ओमप्रकाश दाराबाहेरून आत डोकावत होता, त्यानं मान खाली घातली.

रुख्मिणीबाईनं टेबलावरचं पेन उचललं. "कागद द्या."

अधिकाऱ्यानं काय वाटून कोरा कागद पुढं केला कोण जाणे. ती वाकली. पेन मुठीत धरल्यासारखं धरलं. पहिलं अक्षर वाकडं आलं. दुसऱ्याला तिला शाळेचा ओटा आठवला. मग हात मोकळा झाला, हातातल्या बांगड्या टेबलावर वाजत राहिल्या, आणि तिनं नाव लिहिलं, नवऱ्याचं लिहिलं, आडनाव लिहिलं. ओळ कागदाच्या कडेपर्यंत गेली.

अधिकाऱ्यानं कागद हातात घेऊन नीट पाहिला. माणूस वाईट नव्हता.

"सही चांगली आहे आजी," तो म्हणाला. "पण ही काल तीनच्या आत पाहिजे होती."

अर्ज बाद झाला.

येताना ऑटोत तिघं होती. बाळापूर मागं पडलं. शेवटी रुख्मिणीबाईच म्हणाली, "गुर्जी, मला शिव्या द्या. तुमी गप बसून राहिले, त्यानं लई तकलीफ होऊन राहिली."

"तुमचं काय चुकलं? एकच फॉर्म भरायचा माज मपला."

"डबी म्या काढली, सर," ओमप्रकाश पुढून म्हणाला.

मास्तर त्याच्याशी बोलले नाहीत. बाहेर हळदीची रानं मागं सरकत होती, तिकडं बघतच ते म्हणाले, "बत्तीस वर्सं झाली, रुख्मिणीबाई. म्या सही शिकवली आन् मोकळा झालो. ती करायला तुमाला एक कागद कुणी देल्ला न्हाई. म्याबी न्हाई."

घरी आल्यावर धर्मसिंग हसला. "याडी, पार्टीनं तुझा हार घालून सत्कार कराय पाह्यजेल. तुनंच काम केलं त्यांचं!" त्या दिवाळीला तिनं लेकाशी तीन दिवस शब्द काढला नाही. अंगण सारवलं की ओल्या शेणावर बोटानं नाव लिहायची. शिला म्हणायची, "आत्याबाई, रांगोळी काढायची हाय तिथं." "काढ की वं, बाजूनं काढ." मग तिनं ओट्यावरच्या जुन्या सोबतिणी गोळा केल्या. सोळांतल्या पाच उरल्या होत्या. धानी म्हणाली, "माय, आता काय उपेग? गुर्जी तर मशीनवर न्हाईत." रुख्मिणीबाईनं तिच्या हातात कोळसा दिला.

वीस नोव्हेंबरला मतदान. रांग शाळेच्या ओट्यावरूनच गेलेली. बंद शाळा मतदानापुरती उघडली होती, फळ्यावर जूनची तारीख तशीच. रुख्मिणीबाई टेबलापाशी आली तसा तिथल्या माणसानं तिच्याकडं न बघताच शाईचं पॅड सरकवलं.

"अंगठा, आजी."

तिनं पॅड बोटानं मागं सारलं. "पेन द्या."

"येते का सही?"

"द्या तर."

तिनं लिहायला घेतलं. मागून धर्मसिंग ओरडला, "याडी, चल की लवकर, ऊन होऊन राहिलं!" तिनं मान वर केली नाही. तिच्यामागं धानी होती. तिच्यापुढं माणसानं पुन्हा पॅड धरलं, तिनंही पेन मागितलं. मग तिसरी. चौथीच्या वेळी त्यानं पॅड झाकून खाली ठेवलं. रांग अर्धा तास खोळंबली, आणि तांड्यातल्या तरण्या पोरांनी म्हाताऱ्यांना पोटभर नावं ठेवली.

यंत्रावर मास्तरांचं नाव नव्हतं. तिनं कोणतं बटण दाबलं, ते तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मोठा उमेदवार निवडून आला. शाळा काही उघडली नाही. मतदानानंतर पुन्हा कुलूप लागलं, आता ओट्यावर शेळ्या बसतात. मास्तरांनी बारावं निवेदन दिलं. दर महिन्याला देतात, आणि पोच घेतल्याशिवाय उठत नाहीत. ओमप्रकाशशी ते होळीपर्यंत बोलले नाहीत. मग एके दिवशी दुकानात गेले, टेबलावरची शाईची डबी उचलून खणात टाकली आणि चहा मागवला. ओमप्रकाश आता प्रत्येकाला आधी विचारतो, सही येते का. निम्म्यांना येते, आणि तेच लाजतात. धर्मसिंगला त्या जीपवाल्यांनी निकालानंतर ओळख दिली नाही. तो ऊसतोडीला गेला आणि वैशाखात परत आला. प्रतिक्षा ओढा ओलांडून जाते. या पावसाळ्यात तिचे एकवीस दिवस बुडाले. ते रुख्मिणीबाईनं भिंतीवर कोळशानं मांडून ठेवलेत.

बालाजीचा ताप मात्र त्याच दिवशी उतरला होता. रेशनच्या दिवशी रुख्मिणीबाई त्याच्या मशीनवर अंगठा ठेवते. झिजलेला अंगठा मशीन दोनदा नाकारतं, तिसऱ्यांदा घेतं. तांदूळ पिशवीत पडला तरी ती हलत नाही.

"सही कुठं करू?"

"सहीची गरज न्हाई आजी, पहिल्यांदाच सांगितलं तुमाला."

"तुला नसंल."

बालाजीनं आता तिच्यासाठी निराळी वही घातलीय. ती कुठं दाखवायची नसते, कुणी तपासायला येत नाही. तो मुकाट्यानं ती पुढं करतो आणि तिची सही पुरी होईपर्यंत पुढच्या गिऱ्हाइकाला थांबवून ठेवतो.