टेकडी शाळेची

लोर्ना फ्रीझननं हातमोज्यातल्या मुठीनं वाचनालयाच्या काचेवर दोनदा ठोकलं. आत चौथीतली ग्रेटा थीसन एकटीच चित्रकोडं जुळवत बसली होती. तिनं हातातला तुकडा उंचावून दाखवला आणि मान पुन्हा खाली घातली. लोर्नाच्या पाठीमागे दीडशे पोरं उणे अठराच्या थंडीत आनंदानं किंचाळत होती.

मधल्या सुट्टीत मैदानावर नजर ठेवणं हे लोर्नाचं कित्येक वर्षांचं काम. कुठल्या पोराचा हातमोजा हरवणार, हे तिला आदल्या दिवशीच कळे. ग्रेटा आत का, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. घंटा होताच ती बर्फाच्या बुटांसकट मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली.

"वॉल्टर, ती पोरगी आत काय करतेय?"

वॉल्टर पेनर मुख्याध्यापक खरे, पण लहानपणी त्यांचं गळकं नाक लोर्नानं याच मैदानावर पुसलं होतं. त्यामुळे खोलीत दोघंच असली की ती त्यांना अरे-तुरे करी.

"सॉरी, तुम्हाला सांगायचं राहिलं. कोल्टन रायमर तिची टोपी ओढतो, बर्फ भरून परत डोक्यावर घालतो..."

"ते मीच तुला दोनदा लिहून दिलंय. पुढे?"

"दोघांना समोरासमोर बसवलं. कोल्टन सॉरी म्हणाला. ग्रेटाही म्हणाली."

"ती कशाबद्दल?"

पेनरनी चष्मा काढून पुसला. या मुलखात एकानं सॉरी म्हटलं की दुसराही म्हणतोच. दुकानात ज्याचा पाय तुडवला जातो, तोसुद्धा. पेनरनी फॉर्मवर 'दोघांनी माफी मागितली' असं लिहून फाइल मिटली होती.

"आणि तिला त्रास नको म्हणून सुट्टीत आत ठेवलं," ते म्हणाले. "गरम चॉकलेट देतो आपण तिला."

"वा! ओढणारा टेकडीवर, आणि जिची टोपी ओढली ती आत. उद्या कुणाचा डबा पळवला तर त्यालाच उपाशी ठेव." लोर्नानं खुर्ची ओढली. "तिला विचारलंस का काय हवंय?"

पेनर खिडकीबाहेर पाहू लागले. मैलोन् मैल सपाट जमीन. टेकडी म्हणायची ती एकच, मैदानाच्या कोपऱ्यात रचलेल्या बर्फाची. कोल्टनचे वडील, गॅरी रायमर, ट्रॅक्टरनं मैदानातला बर्फ फुकट साफ करून तिथे रचत. म्हणून कोल्टन पोरांना सांगे, टेकडी आमची.

"गॅरी चिडला तर मैदान कोण साफ करणार?"

"तू. फावडं मी देते."

दुसऱ्या दिवशी पेनर वाचनालयातल्या चिमुकल्या खुर्चीवर, गुडघे हनुवटीशी घेऊन बसले.

"ग्रेटा, तुला काय हवंय?"

ग्रेटानं आधी त्यांच्या हातात फॉर्म आहे का ते पाहिलं. नव्हता.

"हे मांजर मी चारदा जुळवलंय. त्याला एक कानच नाही."

"आणखी?"

"मला टेकडीवर जायचंय. पण तुम्ही तिथे उभे राहा. नुसतं त्याला बोलावून, समजावून निघून जाऊ नका. फ्रीझन बाई एकट्या असतात. त्यांची पाठ वळली की तो येतो."

पेनर उठले आणि कोट आणायला गेले.

कोल्टनला त्यांनी मैदानातच गाठलं.

"आजपासून दोन आठवडे तू सुट्टीभर फ्रीझन बाईंबरोबर चालायचं."

"आणि टेकडी?"

"टेकडी शाळेची आहे."

"पण ती माझ्या बाबांनी..."

"त्यांचे आभार मी मानेन. तू चाल."

"चला, कोल्टनराव," लोर्ना म्हणाली. "माझा वेग झेपेल ना?"

पेनर टेकडीच्या पायथ्याशी उभे राहिले, ऑफिसच्या पातळ बुटांत. ग्रेटा पहिल्यांदा अर्ध्यावर चढून मागे वळून पाहत राहिली. ते होते. दुसऱ्या वेळी तिनं वळून पाहिलं नाही.

चौथ्या दिवशी ऐन सुट्टीत ऑफिसातला फोन वाजला. कारकून ट्रूडीनं उचलला.

"गॅरी रायमर बोलतोय. माझ्या पोराला बाईंच्या मागे फिरवताय म्हणे! पेनरला दे."

"सर बाहेर आहेत."

"एवढ्या थंडीत? कुठे?"

ट्रूडीनं मान लांब करून पाहिलं. टेकडीच्या माथ्यावर पेनर घसरायच्या प्लॅस्टिकच्या चटईवर पालथे पडले होते. टाय मानेमागे उडत होता. ग्रेटा दोन्ही हात त्यांच्या बुटांवर टेकवून जोर लावत होती.

"टेकडीवर," ट्रूडी म्हणाली.

पलीकडे ट्रॅक्टर बंद झाल्याचा आवाज आला.

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

"डाव्या नको म्हणावं! तिथे खाली कुंपण आहे. उजवीकडून सांग, उजवीकडे मी उतार लांब केलाय."

ट्रूडीनं पुन्हा खिडकीकडे पाहिलं.

"सांगितलं असतं," ती म्हणाली, "पण तिनं ढकललं."