अक्कासाठी चांगला बर्गर

“हा पाव आजचा नाही,” मी म्हणालो, आणि शेजारच्या टेबलावर ऐकू जाईल अशा बेताने म्हणालो. “मालकीणबाईंना बोलवा जरा.”

वाढणारी मुलगी ताटली उचलून आत गेली. समोर माझी थोरली बहीण, अक्का, पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून बसली होती.

“राहू दे रे धाकट्या,” ती म्हणाली. “खाते मी तसाच. नाहीतर चल, घरी जाऊ.”

“का म्हणून? फुकट जेवायला आलोय का आपण?”

मला त्या वेळी फार बरे वाटत होते, हे आधीच कबूल करतो. बहिणीसाठी भांडणारा भाऊ असा काही माझा थाट होता. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याने आपापल्या बर्गरकडे जरा संशयाने पाहिले, तेही मला आवडले.

मी कवळ्या करतो. दवाखान्यातून माणसांच्या हिरड्यांची मापे येतात, मी त्यांचे प्लास्टरचे साचे ओततो, त्यावर मेणात एकेक दात रचतो आणि शेवटी कवळी घासून, चकाकी आणून परत पाठवतो. सत्तावीस वर्षे हेच काम. माणूस मला दिसत नाही, त्याचे तोंड तेवढे येते, तेही प्लास्टरचे. पण हाताला नाव आहे. गावातल्या चार डॉक्टरांना विचारा, अवघड तोंड असले की माझ्याकडेच पाठवतात.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि अक्का एकोणीस. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर कापायची. दाढ दुखली की कापसाचा बोळा दाबून कामावर जायची. दवाखान्यात गेली तर अर्ध्या दिवसाचा खाडा पडेल, आणि धाकट्याची शाळा आहे, हे तिचे ठरलेले उत्तर होते. धाकट्याची शाळा झाली, धाकटा दातांचे काम शिकला, आणि तोवर तिच्या तोंडात दात म्हणावेत असे फारसे उरले नव्हते. गेल्या हिवाळ्यात उरलेले पाचही काढले. हिरड्या भरून आल्या, तेव्हा मी तिला विचारले, “नवे दात बसले की पहिल्यांदा काय खाणार?”

मला वाटले होते, ती म्हणेल सफरचंद. सगळे तेच म्हणतात.

“बर्गर,” ती म्हणाली. “मोठा. तो दोन्ही हातांनी धरून खातात बघ, तसला. आमच्या बसच्या वाटेवर त्याची जाहिरात होती. एक पोरगी एवढा मोठा आ करून तो खायला निघालेली. मी रोज बघायचे. म्हणायचे, काय पण धीट आहे. चारचौघांत एवढं तोंड उघडायचं म्हणजे...”

चारचौघांत तोंड उघडून तिला पंधरा वर्षे तरी झाली असतील.

मग मी ठरवले की अक्काला साधासुधा नाही, गावातला सगळ्यांत चांगला बर्गर खिलवायचा. मी केलेल्या दातांना शोभेल असा.

दात बसल्यावर पहिल्या रविवारी सिनेमागृहाजवळच्या काचेच्या दुकानात गेलो. अक्काने दोन्ही हातांनी बर्गर उचलला, तोंड उघडले, एक चावा घेतला, थांबली आणि खाली ठेवला. म्हणाली, “पाव जरा चिवट आहे रे.” मी गल्ल्यावर जाऊन मॅनेजरशी चांगली दहा मिनिटे हुज्जत घातली. दुसऱ्या रविवारी एका हॉटेलच्या वरच्या मजल्यावर गेलो, तिथे बर्गरमध्ये लाकडी काडी खोचून आणतात. तिथली आतली पॅटी तिला कडक लागली. त्या हॉटेलला मी घरी येऊन फोनवर एकच तारा दिला आणि खाली चार ओळी लिहिल्या, त्यात ‘ज्येष्ठांचा अपमान’ असे शब्द होते. लिहून झाल्यावर बायकोला वाचूनही दाखवले.

ती भाजी निवडत होती. “अक्का घरी दात काढूनच जेवतात, माहितीये ना तुम्हाला?” ती म्हणाली.

“सवय व्हायला वेळ लागतो,” मी म्हणालो. हे मी डॉक्टरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे की मला पाठ आहे. अक्का हल्ली माझ्यानंतर का जेवते, असा प्रश्न मला पडला नाही.

आणि हे तिसरे दुकान. माझ्या कामाच्या जागेमागच्या गल्लीत आठ टेबलांची खानावळ आहे, मालकीणबाई स्वतः रांधतात. साचे पोचवणाऱ्या माणसाने छातीठोक सांगितले होते की इथल्यासारखा बर्गर दुसरीकडे मिळत नाही.

मालकीणबाई आतून आल्या त्या ताटली घेऊनच. चाळिशीच्या असतील, बाहीला पीठ लागलेले, चेहरा शेगडीने लाल झालेला. ताटली त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

“पाव मी सकाळी सहाला भाजलाय,” त्या म्हणाल्या. “शिळा कुठे वाटला, दाखवा मला.”

“दाखवतो की,” मी म्हणालो आणि बर्गर हातात घेतला.

पाव माझ्या बोटांखाली अलगद दबला आणि परत वर आला. कापसासारखा मऊ होता. पण मी पावाकडे बघतच नव्हतो, चाव्याकडे बघत होतो. असे ठसे मी दिवसातून दहा वेळा मेणात बघतो, त्यामुळे बघायचे नाही म्हटले तरी दिसतात. वरच्या पुढच्या सहा दातांची कमान पावात नीट उमटली होती, फार सुरेख उमटली होती. खालच्या दातांची मात्र नुसती एका बाजूला खळगी पडली होती. तुकडा तुटलाच नव्हता. चावले की वरची कवळी पुढून दबत होती आणि मागून सुटत होती. दुसऱ्या कोणाचे काम असते, तर ज्याने हे दात केले त्याला मी तिथल्या तिथे चार शब्द सुनावले असते.

मेणात दात रचले की ते एकदा माणसाच्या तोंडात बसवून बघायचे असतात. रंगीत कागद चावायला द्यायचा, कुठला दात आधी टेकतो ते बघायचे, मग पुढचे काम. शिकाऊ पोरसुद्धा ही पायरी चुकवत नाही. अक्काचे माप घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला फोन करून विचारलेही होते, मेणाची चाचणी कधी घ्यायची. मी म्हणालो, “गरज नाही, घरचंच माणूस आहे. अक्काचा चेहरा मला पाठ आहे.”

आणि खरेच पाठ होता, पण एकोणीस वर्षांच्या अक्काचा. माझ्याकडे तिचा तेव्हाचा एक फोटो आहे, त्यात ती सगळे दात दाखवून हसते आहे. तो समोर ठेवून मी दात रचले. ओठ तसाच भरून यावा म्हणून पुढचे दात दोन मिलिमीटर पुढे घेतले. तिची हिरडी चाळीस वर्षांत किती झिजली आहे, ते साचा मला सांगत होता, मी ऐकले नाही. हत्तीला तरी खायचे दात वेगळे असतात. मी माझ्या बहिणीला नुसते दाखवायचे करून दिले होते.

“सापडलं का?” मालकीणबाईंनी विचारले.

मी अक्काकडे पाहिले. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पाव चिवट नव्हता, पॅटी कडक नव्हती. नाचता येईना अंगण वाकडे, असे म्हणतात. इथे नाचणारा मी होतो आणि अंगणाला नावे ती ठेवत होती, मला कळू नये म्हणून.

“हिचे दात नवीन आहेत,” मी मालकीणबाईंना म्हणालो. “अजून सवय नाही तिला.”

म्हणजे पावावरचा दोष काढून मी तो तिच्यावर ढकलला. इतके कळूनसुद्धा तोंडातून तेच आले. त्या वाक्याची मला अजून लाज वाटते, भांडणापेक्षा जास्त.

मालकीणबाईंचा चेहरा एकदम निवळला. त्या खुर्ची ओढून अक्काशेजारी बसल्या. “मावशी, टोचतं का?”

अक्काने मान हलवली, हो की नाही ते कळेना.

“माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं. बिचारे सहा महिने पेज पीत राहिले, बोलले नाहीत कुणाला. तुम्ही असं करू नका. ज्यानं केलेत ना, त्याच्याकडे परत न्या आणि टाका त्याच्यापुढे. असली माणसं काम बिघडवतात आणि वर म्हणतात, सवय करा.”

“नाही गं बाई,” अक्का घाईने म्हणाली. “करणारा फार हुशार आहे. मोठमोठे डॉक्टर त्याच्याकडे पाठवतात. माझंच तोंड वाकडं आहे.”

शेजारच्या टेबलावरचे जोडपे ऐकत होते. मघाशी त्यांना ऐकवण्यासाठीच मी आवाज चढवला होता.

“मीच केलेत,” मी म्हणालो.

मालकीणबाईंना आधी समजले नाही. मग त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. नखांच्या कडेला प्लास्टर असतेच, कितीही धुतले तरी जात नाही. त्या हसतील असे मला वाटले होते. हसल्या असत्या तर बरे झाले असते.

“म्हणजे पाव शिळा नव्हता,” त्या म्हणाल्या.

“नव्हता.”

“मग तेवढं जरा मोठ्यानं सांगा. मघाशी मोठ्यानं म्हणाला होतात.”

अक्का म्हणाली, “जाऊ दे ना, तो काही...” पण मी उभा राहिलो. आठ टेबलांपैकी पाच भरलेली होती. “पाव आजचाच आहे,” मी म्हणालो. “माझी चूक झाली. मी जे दात केले ते चुकलेत.” दात म्हणताना माझा आवाज फाटला. लोकांना अर्थातच काही कळले नाही. एक म्हातारे गृहस्थ मला खाली बसा म्हणून हाताने खुणावू लागले. बहुधा त्यांना वाटले, माझी तब्येत बिघडली आहे.

मालकीणबाई उठल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळाने नवा बर्गर घेऊन आल्या. पावाचे आणि पॅटीचे बारीक तुकडे केलेले, वर रस्सा ओतलेला. तो अक्कासमोर ठेवला, माझ्याकडे बघितले नाही आणि पुन्हा शेगडीकडे गेल्या.

“दुखतं का फार?” मी विचारले.

“डावीकडे जरा.”

“किती दिवस?”

“पहिल्यापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बसवलेस तेव्हा आरसा धरला होतास ना माझ्यापुढे,” ती म्हणाली. “तुझं तोंड बघितलं मी त्यात. एवढा खूश तू पास झालास तेव्हाही नव्हतास. मग कसं बोलू?”

मी उद्याच परत साचा घेतो, मेणाची चाचणी घेतो, डॉक्टरीणबाईंकडे घेऊन जातो, असे काहीतरी बडबडत राहिलो. ती ऐकून घेत होती. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकातल्या लाल रेघांची कारणे ऐकून घ्यायची, तशीच.

“एक सांगू?” ती पुढे वाकून हळूच म्हणाली. “त्या पहिल्या दुकानातला होता ना, सिनेमाजवळचा, तो फार छान होता.”

“तू तर एक चावा घेऊन खाली ठेवला होतास.”

“तू भांडायला गेलास ना, तेव्हा दात काढून खाल्ला. निम्मा खाल्ला, उरलेला कागदात गुंडाळून ठेवला. भीतीनं भराभर गिळला, तू येशील म्हणून.”

मला हसू आले नाही. दहा मिनिटे मी त्या मॅनेजरला अद्दल घडवत होतो, आणि माझ्यामागे माझी बहीण चोरून जेवत होती.

“आता खा,” मी म्हणालो. “सावकाश खा. मी कुठे जात नाही.”

तिने एकदा आजूबाजूला पाहिले. जोडपे बघत होते, म्हातारे गृहस्थ बघत होते. अक्काने वरची कवळी काढली, मग खालची. ठेवायला जागा शोधू लागली, तशी मी टेबलावरून हात पुढे केला. तिने दोन्ही माझ्या तळहातावर ठेवल्या, चमचा उचलला आणि गालफडे हलवत, वेळ लावून, पहिला तुकडा खाल्ला. माझ्या मुठीत ते दात अजून कोमट होते.